पिंजऱ्यातला चहा

तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. बिबट्या धरायचा लोखंडी पिंजरा, आत पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा मांडी घालून बसलाय, मांडीवर मांजर आहे आणि म्हातारा निवांत चहा पितोय. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘बिबट्या सापडेना, म्हणून शेठला धरलं.’ माझ्या मावसबहिणीनं तो मलाच पाठवला आणि वर विचारलं, "तुमच्या जुन्नरचा हाय का गं ह्यो येडा?" मी म्हटलं, "हो, माझा घरमालक आहे. आणि पिंजऱ्याबाहेर गुडघे टेकून बसलीय ना, ती मी. साडी बघ, तुझ्याच लग्नात मिळालेली आहे."

हसणाऱ्यांवर माझा राग नाही. शेठ होतेच तसे, हसू यावं असे. आता ते पुण्याला मुलाकडं असतात, उंच इमारतीत, आणि मांजरही तिथंच आहे. पण लोकांना तेवढा अर्ध्या मिनिटाचा म्हातारा माहीत आहे, आणि मला त्यांच्या शेजारी बसून काढलेली वर्षं माहीत आहेत. म्हणून म्हटलं, नीट सांगावं एकदा.

पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ बोलायला लागले की ते कुणाला खरं वाटायचं नाही, इतकं त्यांचं मराठी इथलं. दुकान मोडीत निघाल्यावर पुढचा गाळा त्यांनी मला शिवणकामाला दिला. मी आंबेगावच्या वरच्या अंगाची, डोंगरातली, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आलेली. मागच्या दोन खोल्यांत शेठ, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकी, आणि मांजर. मधे नुसता एक पडदा, त्यामुळं त्यांच्या घरातलं मला सगळं ऐकू यायचं आणि माझ्या गिऱ्हाइकांचं त्यांना.

दुकान का मोडीत निघालं, हे त्यांच्याशी चार वाक्यं बोललं की कळायचं. शेठचा एक नेम होता. आधी सांगायचं, मग करायचं. गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडतानाच ते म्हणायचे, "ताई, हा रंग पहिल्या धुण्यात जाणार." बोरीची एक बाई एकदा खवळलीच. म्हणाली, "जानार हाय तर इकायला कशापायी ठिवलाय?" शेठ शांतपणे म्हणाले, "कुणाला जाणारा रंगच हवा असला तर?" बाई उठून समोरच्या दुकानात गेली. समोरच्याकडं तेच ठाण होतं, तिनं तिथून पाच वार घेतलं. हे मला शेठनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मांजराच्या गळ्यात घंटी होती. कापडाच्या कोठारात उंदीर फार, म्हणून मांजर पाळलं. पण घरात जैन धर्म, हिंसा कशी चालणार? मग काकींनी देवघरातली जुनी घंटी लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली. उंदरांना आधी कळायला हवं, एवढाच उद्देश. मी विचारलं, "मग मांजर पाळलं कशाला?" शेठ म्हणाले, "उंदरांनी निघून जावं म्हणून. मरावं म्हणून नाही." काकींनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. त्या नावानं हाक मारली की ती चिमण्या धरणार नाही, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब चिमणीनं मानला नाही, पण घंटीपुढं तिचा नाइलाज होता. आमच्याकडं भाताच्या कणग्यांवर मांजरं झोपतात आणि उंदीर खाऊन गब्बर होतात. ही शेठच्या घरची सून असल्यासारखी खाकरा आणि तूप खायची.

संवत्सरीच्या दिवशी शेठ सकाळीच आंघोळ करून निघत. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याची माफी मागायची, हा त्यांच्यातला रिवाज. पण लोक नातेवाइकांकडं जातात, फार तर शेजाऱ्यांकडं. शेठ कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याकडं जात, नळाला पाणी सोडणाऱ्याकडं जात, माझ्याकडं येत. हात जोडून म्हणत, "मिच्छामि दुक्कडम्, ताई." शेवटी घरात येऊन झोपाळ्यासमोर वाकत आणि मांजरालाही हात जोडत. काकी असेपर्यंत हा हसण्यावारी जायचा प्रकार होता.

काकी गेल्या आणि सगळंच बिनसलं. त्या दुपारी झोपाळ्यावर बसत, चिमणी मांडीवर झोपे, आणि ती झोपेत असतानाच काकी तिची नखं कापून टाकत. कधी, कशी, हे शेठना ठाऊकच नव्हतं. मांजराला नखं असतात आणि ती वाढतात, हे त्यांना काकींच्या माघारी कळलं. तोवर चिमणीही म्हातारी झालेली. झाडावर जाणं नाही, दाराला पंजे घासणं नाही, दिवसभर काकींच्या जुन्या पातळावर पडून राहायची. पुढच्या उजव्या पायाचं, आपल्या अंगठ्याच्या जागी असतं ते नख, गळासारखं वळून तळव्याकडं निघालं.

शेठ घाबरले. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. दुधाची वाटी पुढं ठेवली, चिमणी प्यायला आली, आणि वरून कापडाचं पोतं टाकून तिला उचलली. स्कूटरवरून जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथं तीन माणसांनी धरली. दोन नखं कशीबशी कापून झाली, तिसऱ्याला ती शेठच्या मनगटाला चावली आणि पोत्यातच घाण करून बसली. ते वळलेलं नख तसंच राहिलं. घरी आल्यावर पोतं उघडलं तशी ती माळ्यावर गेली, ती दोन दिवस उतरली नाही. त्यानंतर तिनं शेठच्या हातचं दूध कधी घेतलं नाही. वाटी ठेवली की वास घ्यायची, त्यांच्याकडं बघायची आणि निघून जायची. खरं सांगते, ती बघायची ते मला बघवायचं नाही.

तेव्हा चातुर्मास चालू होता. शेठ सकाळी उठले, जैन स्थानकात साधू महाराजसाहेबांकडं गेले आणि नियम घेऊन आले. त्यांच्यात असं असतं, एखादी गोष्ट होईपर्यंत आवडीचं काहीतरी सोडायचं. चिमणी राजीखुशीनं पंजा हातात देईल आणि ते नख कापून होईल, तोवर चहा बंद.

आता शेठ आणि चहा हे काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. हा माणूस सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा पीत नसे, उकळलेलं पाणी गाळून घेई, कांदा-लसूण घरात येऊ देत नसे. पण दिवसाउजेडी किती चहा व्हायचा, ते काकीच जाणोत. त्यांचं एवढं एकच व्यसन. आणि नियम असा की कुणी मोडायला लावू शकत नाही, मुलानं फोनवर समजावून पाहिलं, उपयोग शून्य. दुपारी हॉटेलातून माझा चहा यायचा तेव्हा पडदा सरकायचा आणि शेठ स्टुलावर येऊन बसायचे. "तुम्ही प्या, ताई. मी नुसता बसतो." आणि डोळे मिटून वास घ्यायचे. माणसाला असं समोर बसवून चहा पिणं म्हणजे शिक्षाच हो! मी दोन दिवस चहा बंद केला, तर येऊन म्हणाले, "का, बरं नाही का? चहा मागवा की."

थंडीच्या तोंडाला मी झोपलेल्या चिमणीच्या पंजाचा मोबाइलवर फोटो काढून दिला आणि शेठ तो डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टर म्हणजे तरुण पोरगा, गाईम्हशींत खांद्यापर्यंत हात घालणारा, पण मांजर म्हटलं की मागं सरायचा. त्यानं स्पष्ट सांगितलं. नख तळव्यात शिरणार, दोनेक महिने हातात आहेत. शिरलं की पू धरेल, पाय सुजेल. मग गुंगीचं इंजेक्शन देऊन कापावं लागेल, आणि या वयात ती गुंगीतून उठेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. शेठनी विचारलं, "आणि तिनं स्वतः दिलं तर?" डॉक्टर हसला. "स्वतः दिलं तर दोन सेकंदांचं काम आहे."

ते दोन सेकंद मिळवायला शेठ कामाला लागले.

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची दोन रिकामी क्रेट आणली. एक काढून झोपाळ्याखाली आडवं ठेवलं, नुसतं ठेवलं. दोन दिवसांनी त्यात खाकऱ्याचा तुकडा, तूप लावलेला. मग तुकडा जरा आत. मग मला म्हणाले, "ताई, क्रेटला आतून गादी आणि वरून खोळ शिवा. तिला बाहेरचं दिसायला नको आणि वास घरचा हवा." कापड म्हणून काकींचं जुनं जांभळं पातळ पुढं केलं. म्हटलं माप? तर म्हणाले, "ती झोपली की घ्या." इतकी वर्षं बायकांची मापं घेतली, मांजराचं पहिल्यांदाच घेतलं. टेप अंगाला न लावता, वरच्या वर.

मग माझ्याच धंद्यावर संक्रांत आली. "तुमची कात्री दिवसभर वाजते आणि चिमणी बिचकते," म्हणाले. मी म्हटलं, "कात्री न वाजवता ब्लाउज कसा कापू, शेठ?" "वाजवा ना. फक्त आधी तिला सांगा." "काय सांगू?" "चिमणे, कात्री. एवढंच." आणि माझ्या कापायच्या टेबलाखाली त्यांनी तिचं क्रेट आणून ठेवलं. गिऱ्हाईक समोर उभं, कापड पसरलेलं, आणि मी खाली वाकून म्हणतेय, "चिमणे, कात्री." एका बाईनं घाबरून विचारलं, "आवं, कुनाशी बोलताय?" मी म्हटलं, "मालकांच्या मांजराशी. भाड्यात धरलंय ते." पण काय सांगू, पंधरा दिवसांत ती दचकायची थांबली. मी ‘चिमणे’ म्हटलं की कान टवकारायची, ‘कात्री’ म्हटलं की डोळे मिटून घ्यायची, आणि कच्च आवाज झाला की तुकडा मिळणार हे तिला पाठ झालं.

पंजाचंही तसंच. आधी नुसता हात जवळ. मग एक बोट पाठीवरून पायापर्यंत. मग पंजा हातात घ्यायचा आणि लगेच सोडायचा. मग बोटानं हलकं दाबून नख बाहेर काढायचं, बघायचं, परत जाऊ द्यायचं. मग नेलकटर शेजारी ठेवायचं. मग हवेत वाजवायचं. आणि मग एक दिवस एकच नख, टोकाचं पांढरं तेवढं. आतलं गुलाबी दिसतं तो जिवंत भाग, तिथं लागलं तर रक्त येतं आणि सगळी मेहनत पाण्यात. कापायची मी, कारण आवाज माझा ओळखीचा. मांडी शेठची. एका बैठकीला एकच नख आणि तिनं पाय ओढला की त्या दिवसापुरतं दुकान बंद. "तिनं नाही म्हटलं ना?" शेठ म्हणायचे. "मग नाही."

बाकीची नखं अशी झाली. पण ते वळलेलं ती शिवू देईना. दुखत असणार. आणि ते आता इतकं जाड झालेलं की घरातलं नेलकटर त्याला पुरणारंही नव्हतं. ते डॉक्टरांकडंच व्हायला हवं होतं.

म्हणून मग रिक्षा. कोपऱ्यावरच्या स्टँडवर रिक्षावाला आमच्या ओळखीचा, तोंडाचा फटकळ. आधी चार दिवस शेठ क्रेट घेऊन त्याच्या उभ्या रिक्षात नुसते बसले. तो म्हणाला, "शेठ, लई झालं राव! नुसतं बसायचं आसंल तर मंडपवाल्याची खुर्ची आना." मग रिक्षा चालू करून बंद. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. मग लेण्याद्रीच्या रस्त्याला लागून परत. मग दवाखान्याच्या फाटकापर्यंत. मग आत आवारात, डॉक्टरांच्या हातून तुपाचा तुकडा आणि परत. निघताना दर वेळी शेठ क्रेटवर वाकून सांगायचे, "चिमणे, आज कात्री नाही. नुसतं जाऊन येऊ." परत आल्यावर खोळ उचलून परत सांगायचे, "आलो बघ." पेठेतली माणसं दारात उभी राहून हसायची. रिक्षावाला मला म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याला पुन्याला दाखवा. मांजराला काय बी झालेलं न्हाई."

आणि इकडं दिवस चालले होते. एका सकाळी चिमणी तीन पायांवर चालत आली. मी पंजा बघितला, नख तळव्याला टेकलेलं आणि भोवती लाल. माझं डोकंच फिरलं.

"शेठ, बास झालं आता," मी म्हटलं. "माझ्या भावाला बोलावते. तो पोत्यात घालून दोन मिनिटांत धरतो."

"फसवून?"

"हो, फसवून! तुमच्या नियमापायी तिचा पाय जाईल. चहा तुम्ही सोडलाय, तिनं काय घोडं मारलंय?"

शेठनी वाकून तो लाल तळवा बघितला. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आज संध्याकाळी नेतो, सांगून नेतो. नाही जमलं तर उद्या तुमच्या भावाला बोलवा. मी दार लावून आत बसेन."

संध्याकाळच्या वेळेला निघालो. क्रेट उघडं ठेवलं होतं, ती लंगडत आपण होऊन आत गेली. शेठनी दुसरं क्रेट वर उपडं घातलं, कापडाच्या किनारीनं बांधलं आणि वाकले. "चिमणे, आज नुसतं नाही. आज कात्री आहे. दुखेल. पण परत आणीन." रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

दवाखान्याच्या आवारात एक पिंजरा उभा होता. आपल्याकडं त्याचं कुणाला नवल नाही, उसात बिबटे झाल्यापासून पिंजरे इकडून तिकडं जातच असतात. हा नवाकोरा होता, रंगाचा वास येत होता. कुठल्याशा वस्तीवर लावायचा होता, न्यायला गाडी येईपर्यंत इथं ठेवलेला. तो बनवणाऱ्या वेल्डरनं डॉक्टरांना तो कसा चालतो ते दाखवलं आणि तसाच लावून गेला. दार वर अडकवलेलं, आत जमिनीवर एक फळी. फळीवर पाय पडला की दार खाली.

आम्ही रिक्षातून उतरतोय तोच एका मेंढपाळाचा कुत्रा अंगावर आल्यासारखा भुंकला. शेठ दचकले, क्रेट कलतं झालं, किनार जुनी होती ती तटकन तुटली. चिमणी बाहेर! अर्धं आवार लंगडत पळाली आणि समोर दिसला तो अंधारा कोपरा गाठला. पिंजऱ्याच्या अगदी आतला. तिच्या वजनाला फळी दबलीच नाही.

आणि शेठ तिच्या मागं. मी ओरडले, "शेठ, फळी!" पण कसलं काय. हा माणूस पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबला, चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, वाकून आत शिरला आणि फळीवर पाय दिला. धाडकन दार पडलं. आवार हादरलं.

रिक्षावाला आणि दवाखान्यातला माणूस दार उचलायला धावले. शेठनी आतून हात वर केला. "थांबा. हात लावू नका. परत वाजलं तर ती पळेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिंजऱ्याच्या गजांमधे चार-चार बोटांची फट होती. बिबट्याला ती नाही पुरणार, म्हाताऱ्या वाळक्या मांजराला सहज पुरली असती. बाहेर लगेच रस्ता, आणि रस्त्यावरून कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. म्हणजे कोंडले गेले होते ते शेठ. चिमणी मोकळीच होती, मनात आलं असतं तर केव्हाही गेली असती.

शेठ तिच्याकडं पाठ करून मांडी घालून बसले. मेंढपाळानं कुत्र्याला लांब नेलं. मी गजांजवळ खाली बसले. शेठ हळूहळू बोलायला लागले, मांजराशीच, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"चिमणे, मी आयुष्यात दोनदा आधी सांगितलं नाही. एकदा तुला, त्या पोत्याच्या वेळी. आणि त्याआधी तिला. पुण्याला नेताना म्हटलं, नुसतं दाखवून येऊ. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, परत येणं अवघड आहे. मला माहीत होतं. मी तिला नाही सांगितलं. तिनं उद्यासाठी मूग भिजत घातले आणि गाडीत बसली."

काकींचे ते मूग मला माहीत होते. पडद्यामागं तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा मीच ते ओतले होते. त्यांना मोड आले होते. शेठ रोज त्या टोमॅटोच्या क्रेटवर वाकून ‘नुसतं जाऊन येऊ’ का म्हणत होते ते मला तिथं कळलं, आणि मी तोंडावर पदर धरला.

किती वेळ गेला कोण जाणे. घंटी वाजली. चिमणी कोपऱ्यातून निघाली, गजांपाशी थांबली, बाहेर बघितलं. मग ती वळली, शेठच्या गुडघ्याला डोकं घासलं आणि मांडीवर चढली.

शेठनी बोटानं पाठीवरून पायापर्यंत हात नेला. पंजा हातात घेतला. तिनं ओढला नाही. "ताई," ते म्हणाले, "या."

डॉक्टरांनी त्यांचं कटर माझ्या हातात दिलं. मी गजांतून हात आत घातला. लग्नाच्या शालूला कात्री लावतानाही मी एवढी जपले नव्हते हो. डॉक्टर कानाशी म्हणाले, "गुलाबी सोडून." मी म्हटलं, "चिमणे, कात्री." तिनं डोळे मिटले. कच्च. जिलबीचा तुकडा मोडावा तसं ते नख पिंजऱ्याच्या पत्र्यावर पडलं.

तळव्यात टोक नुकतंच शिरायला लागलं होतं, रक्ताचा एक थेंब आला. मी औषधाचा कापूस लावला. डॉक्टरांवर ती एकदा फिसकारली, बाकी काही नाही. सगळ्यांत आधी रिक्षावाला बोलला. "आयला, दिलं की वो तिनं!" त्याच्या आवाजाला चिमणी हललीसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या माणसानं चहा टाकलेलाच होता. मी शेठना विचारलं, "घेणार?" त्यांनी मान वर करून सूर्य बघितला. तो डोंगराच्या कडेला टेकला होता. "बुडाला नाही अजून," म्हणाले, "पण लवकर आणा." मी पळत जाऊन ग्लास आणला आणि गजांतून आत दिला. पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "साखर जास्त आहे." आणि सगळा प्याले. तेवढ्यात रिक्षावाल्यानं मोबाइल काढला. तोच तो व्हिडिओ.

मग शेठ मांजराला म्हणाले, "चिमणे, आता दार वाजणार." दोघांनी दार उचललं, कर्रकन वाजलं. तिनं कापलेल्या नखांनी धोतर घट्ट धरलं आणि तिथंच राहिली.

परत त्याच रिक्षानं आलो. पेठेत उतरलो. शेठ क्रेट घेऊन आत गेले, मी पडदा सरकवून त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. त्यांनी खोळ उचलली. चिमणी बाहेर आली, जरा वास घेतला आणि झोपाळ्यावर चढून काकींच्या जागी बसली. शेठ समोर उभे राहिले. झोपाळ्याकडं बघून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "आणली गं परत. म्हटलं होतं तसं."

मी गुपचूप पडदा ओढला आणि मशीनवर जाऊन बसले. एका बाईचा ब्लाउज सकाळी द्यायचा होता. दिवा लावला, सुई जवळ घेतली, पण डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दोरा काही सुईत जाईना.